खरज धरला तेव्हा

या मंडळी, असे पुढे सरका. मध्ये जागा सोडू नका. सोडलेल्या जागेत आळस येऊन बसतो. भिंतीला टेकलेल्यांनीही पाठ जरा मोकळी करा, कारण आजची गोष्ट पाठीचीच आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. द्यायचं की नाही ते ऐकून ठरवा. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, तसा इथेही थोडा शास्त्राचा पूर्वरंग येईल. त्याला कंटाळू नका. तो कानाआड केलात तर पुढचं रडू कुठून आलं ते उमगणार नाही.

साल सांगत नाही. फार लांबचं नाही एवढं खरं. तुमच्यातल्या तरण्या मंडळींना तेव्हा मिसरूड फुटायला लागलेलं असेल.

गाव मिरज. एका अंगाला दवाखाने, दुसऱ्या अंगाला सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांची दुकानं. त्या गावात पाठीच्या तपासणीचं एक केंद्र निघालं होतं आणि तिथे वैजयंती फडतरे नावाची बाई कामाला होती. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगानं किरकोळ, आवाज मात्र भरदार. तिचे वडील अनंतबुवा हरिदास. कीर्तनाला उभे राहिले की मागे तंबोरा हवाच असा त्यांचा हट्ट, आणि तो तंबोरा वयाच्या नवव्या वर्षापासून वैजूच्या मांडीवर.

नारदाच्या गादीवर एकदा पाऊल ठेवलं की बसायचं नाही, टेकायचं नाही, आरती होईपर्यंत खाली उतरायचं नाही, हा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. बुवांचं उतारवयात कंबरडं गेलं होतं, तरी त्यांनी तो कधी मोडला नाही. लेकीनं एकदा विचारलं, "आण्णा, तीन-तीन तास कसं सोसता?" तेव्हा ते म्हणाले, "दुखणं म्हणजे पाहुणा गं. आला, तर त्याला पाट मांडून द्यावा आणि आपण आपलं नाम चालू ठेवावं. यजमान बघतच नाही म्हटल्यावर पाहुणा किती वेळ बसेल?"

वैजूनं हे वाक्य पदराला बांधलं. केंद्रात तिचं कामही तसंच होतं: येणाऱ्या माणसाला पुढे काय होणार ते सांगायचं, आणि होत असताना त्याचा हात धरून बसायचं.

आता शास्त्र. आपल्या दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट, आतून पिकल्या भोकरासारखी बुळबुळीत. वय झालं, ओझी उचलली, वाकून कामं केली की तिचं कातडं तडकतं. ते फोटोत दिसतंही. पण गंमत अशी, की फोटोत तडकलेल्या गाद्या ठणठणीत माणसांतही निघतात. मग पाठ धरलेल्या माणसाला नेमकी कुठली गादी छळते आहे, की कुठलीच नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी जुनी आणि निर्दय तपासणी आहे. माणसाला पालथं झोपवायचं, पाठीतून लांब सुया थेट गाद्यांत घालायच्या आणि एकेका गादीत औषध दाबून भरायचं. चांगल्या गादीत नुसता दाब जाणवतो. दुखऱ्या गादीत भरलं की माणसाचं रोजचं, ओळखीचं दुखणं जागच्या जागी उसळतं. म्हणून त्याला पुरती गुंगी देता येत नाही. त्यानं जागं राहून सांगायचं असतं. पूर्वी डॉक्टर विचारायचे, "हीच का तुमची वेदना?" आणि माणूस म्हणायचा "हीच", किंवा "ही नव्हे". निकाल माणसाच्या शब्दावर.

पण शब्दावरचा विश्वास उडाला. काही जण सरकारी योजनेतल्या फुकट शस्त्रक्रियेसाठी खोटं सांगत, काही भीतीनं भलतंच बोलत. मग टोपी आली. तिचं खरं नाव लांबलचक. लोक टोपीच म्हणत. वेदना मेंदूत जिथे जिथे उमटते तिथली हालचाल ती प्रकाशाच्या किरणांनी टिपते. आधी सात दिवस कपाळाला पट्टी बांधून माणसाचं रोजचं दुखणं नोंदवायचं, मग तपासणीत टोपी घालून दोन्ही नोंदी ताडून बघायच्या. साठाच्या वर आकडा आला तर गादी दोषी. खाली आला तर गादी निर्दोष आणि दुखणं मनाचं. माणसानं बोलायचं कामच उरलं नाही. नोंदीच्या पडद्यावरून 'रुग्णाचे म्हणणे' हा रकानाही काढून टाकला.

संपला पूर्वरंग.

*

दस्तगीरचाचा तपासणीला आले तो दिवस मंगळवार होता. साठी उलटलेले, दाढी पांढरी, बोटं लाकडाच्या रंगाची. वैजूच्या हातातला पहिला तंबोरा त्यांनीच घडवलेला. अनंतबुवांची नि त्यांची गट्टी अशी, की कीर्तन असलं की चाचा मागच्या दाराशी येऊन बसत आणि तंबोरा उतरला तर नुसत्या भुवईनं वैजूला सांगत. भोपळा मांडीत धरून, कमरेत वाकून चाळीस वर्षं काम केलेलं. आता बसलं की उठवत नव्हतं.

"काय गं बेटी, सरकारनं शेवटी आम्हाला खरीखुरी टोपी घातली म्हणायची," चाचा कपाळावरची पट्टी चाचपत म्हणाले.

"तुम्हाला कोण घालणार, चाचा? तुम्हीच गावाला तंबोरे गळ्यात घातलेत."

सोबत त्यांचा मुलगा बशीर होता. दुकान आता तोच बघे. तो हसला नाही. "आक्का, जरा लवकर उरकेल का? दोन तंबोरे द्यायचेत परवा. अब्बा सहा महिने झाले आडवेच. खरंच काही असलं तर कापा, नसलं तर सांगा. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय."

वैजूनं चाचांना आत नेलं आणि नेहमीसारखं सगळं सांगितलं. ती कधी खोटा दिलासा देत नसे. "चाचा, पालथं झोपायचं. पाठीवर थंडगार औषध पुसतील. कातडी बधिर करतील, त्याची सुई मुंगीसारखी. पुढच्या तीन सुया मुंगीसारख्या नाहीत. सुई आत जाताना पायात वीज चमकल्यासारखं झालं तर सांगा, पण हलू नका. मग एकेका गादीत औषध भरतील. कुठली आधी ते तुम्हाला सांगणार नाहीत, मलाही नाही. एकीत नुसतं जड वाटेल. एकीत कदाचित असं दुखेल की तुम्ही मला शिव्या घालाल. घाला. वीस मिनिटांचा खेळ आहे. घरी गेल्यावर दोन दिवस पाठ ठणकेल, बर्फानं शेका. ताप आला तर मात्र घरात बसू नका, इकडे या."

"आणि त्या वीस मिनिटांत मी काय करू?"

इथे वैजू प्रत्येकाला सांगे तेच तिनं सांगितलं. "नाम घ्या. श्वास लांब सोडत घ्या. दुखण्याकडे बघूच नका."

चाचा मिश्किल हसले. "तुझं नाम घेऊ, का माझं?"

"जे जिभेवर असेल ते."

"जिभेवर काय, आयुष्यभर कानात खरज आहे. तंबोऱ्याची चौथी तार. ती धरतो."

"धरा. तेही नामच."

डॉक्टर शिरगोपीकर आले. हाताचे कसबी, स्वभावानं भले. टोपी चढली. पहिली गादी भरली. चाचांच्या छातीतून बारीक, खोल खरज निघत होता, टेबलाचा पत्रा थरथरावा असा. वैजूच्या हातात त्यांचा हात. दुसरी गादी भरताना तो हात एकदम आवळला. इतका, की तिच्या बांगडीची कडा मनगटात रुतली. खरज क्षणभर तुटला आणि चाचा हळूच म्हणाले, "हीच, बेटी. हीच ती." मग पुन्हा सूर लागला आणि मूठ सैल झाली.

पडद्यावर आकडे आले. अकरा. बावीस. नऊ.

"निर्दोष," डॉक्टर म्हणाले.

वैजू म्हणाली, "सर, दुसऱ्या वेळी ते 'हीच' म्हणाले."

"ताई, बावीस आहे. माणसाला वाटतं, हो." डॉक्टरांचा सूर चढला नव्हता. "एरवी किती शांत पडले होते बघा. तुमचे रुग्ण हलतच नाहीत. बाकीच्या पाळ्यांना मला धरून ठेवावे लागतात."

तेही खरंच होतं. त्याच वर्षी वैजूला शाल-श्रीफळ मिळालं होतं, 'सर्वाधिक शांत रुग्ण' म्हणून. 'हीच' हा शब्द लिहायला तिनं पडद्यावर जागा शोधली. रकाना नव्हता. मंडळी, तिनं हात पुसले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

*

अहवालात लिहिलं होतं: गाद्या निर्दोष. वेदनेचं मूळ मनात. कामापासून दूर राहू नये, हालचाल हेच औषध.

घरातली हवा पालटली. सून चहा ठेवताना कप आपटू लागली. बशीर वाईट मुलगा नव्हता. कागदावर लिहिलं होतं तेच तो करत होता. "अब्बा, उठा. डॉक्टर म्हणतात पडून राहिलात तर मन आणखी धरेल. हा भोपळा तेवढा वरच्या फळीवर ठेवा." चाचा उठत, ठेवत. दुखलं की खरज धरत. दुकानात गिऱ्हाईक असलं की बशीर हसून सांगे, "म्हातारपणाची नाटकं. टोपीनं पकडलं."

तीन महिन्यांनी एका शुक्रवारी चाचांच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला मुंग्या आल्या, मग बधिरपणा. लघवी होईना. शनिवार गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय? मन असं करतं म्हणे. रविवारी सकाळी नमाजाला उठायला गेले आणि पायच नव्हते.

'हीच' म्हटलेली तीच गादी फुटून तिचा गर मज्जातंतूंच्या जुडग्यावर बसला होता. शुक्रवारीच कळलं असतं तर पाय वाचते. रविवारी उशीर झाला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव राहिला; कमरेखालचा माणूस गेला. केंद्राकडून पत्र आलं: ही नवीन इजा आहे, पूर्वीच्या तपासणीशी संबंध नाही.

वैजू भेटायला गेली तेव्हा चाचा दुकानामागच्या खोलीत पडून होते. उशाशी एक तंबोरा आडवा. तिच्या वडिलांचाच, घोडी घासून जवारी, म्हणजे तारेतला गुंजारव, खुलवून घ्यायला तिनं वर्षापूर्वी दिलेला.

"राहिली गं तुझी जवारी," ते म्हणाले. "बसता येत नाही ना."

चाचाच तिची समजूत काढू लागले. "तू रडू नको. तू सांगितलंस तसंच केलं होतं मी. खरज असा धरला, असा धरला, की सुई कुठं आहे तेच विसरलो. दुसऱ्या वेळी कळ आली तेवढी. ती आमचीच, घरातली. पण मी पुन्हा सुरात गेलो, तशी गेली बघ."

ते हे कौतुकानं सांगत होते. वैजू मात्र मनात ते तीन आकडे पुन्हा म्हणत होती: अकरा, बावीस, नऊ.

*

टोपी ठीक चालते का हे बघायला केंद्रात रोज सकाळी एक विधी असे. एकानं टोपी घालायची, बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा आणि दोन मिनिटं सोसायचा. आकडा साठ-सत्तरच्या घरात आला की यंत्र शहाणं. हे काम तंत्रज्ञ तेजल करी. पहिल्याच महिन्यात एकदा वैजूनं करून पाहिलं होतं तर आकडा वीसच्या आत आला. तेव्हा तेजल खदखदून हसली होती. "ताई, भांडी घासून घासून तुमचे हात निबर झालेत! तुमच्यावर यंत्र तपासलं तर यंत्रच नापास व्हायचं." त्या दिवसापासून वैजूला वगळलं होतं.

सोमवारी वैजू म्हणाली, "आज मी हात घालते."

"कशाला त्रास, ताई?"

"घाल टोपी."

तिनं हात बुडवला आणि जन्मात पहिल्यांदा नाम घेतलं नाही. ओठ घट्ट मिटले. हाडात करवत चालावी तशी थंडी वर चढली, डोळ्यांतून पाणी आलं. "सदुसष्ट," तेजल म्हणाली. "अगंबाई, निबर नाहीत की."

हात पुसून ऊब येईपर्यंत थांबली. पुन्हा बुडवला. या वेळी श्वास लांब सोडत नाम घेतलं, वडिलांनी शिकवलं होतं तसं.

तेजल हसायची थांबली. "ताई... एकोणीस."

"पाणी तेच ना?"

"तेच."

"हात तोच?"

तेजल टोपीच्या तारा एकेक करून चाचपू लागली.

वैजू ओल्या हातानंच शिरगोपीकरांच्या खोलीत गेली आणि दोन आकडे सांगितले. डॉक्टर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "शक्य आहे. मेंदू नुसता ऐकणारा नाही, ताई. तो दारही लावतो. वरून खाली काही वाटा उतरतात. मन दुसरीकडे लागलं, श्वास लांबला, सूर धरला, की मेंदू त्या वाटांनी निरोप पाठवतो आणि मणक्यातच वेदनेला अडवतो. अफूसारखी द्रव्यं शरीरच बनवतं. गादी फुटलेलीच असते, बोंब मारतच असते. वर पोचते ती कुजबुज. टोपी वर बसलेली. ती कुजबुजच मोजणार."

"मग हे टोपी करणाऱ्यांना माहीत नव्हतं?"

"त्यांनी ज्यांच्यावर यंत्र शिकवलं त्यांना 'गप्प पडा, काही करू नका' म्हणून सांगितलं होतं. त्यांच्याजवळ तुम्ही नव्हता."

यात टोमणा नव्हता, मंडळी. म्हणूनच ते जास्त लागलं.

डॉक्टरांनी नोंदी उघडल्या. इतर पाळ्यांत दहातला एक माणूस निर्दोष ठरत होता. वैजूच्या पाळीत दहातले चार. आठ वर्षं. तिच्या पाळीत निर्दोष ठरलेले एकूण तीनशे बारा. शेतमजूर, हमाल, परिचारिका, एक शाळामास्तर. तीनशे बारा माणसांचे हात तिनं धरले होते आणि प्रेमानं, अगदी पोटातून सांगितलं होतं, नाम घ्या.

"पुन्हा तपासायला बोलवा सगळ्यांना."

"मला बोलावता येत नाही. पत्तेही बाहेर देता येत नाहीत." डॉक्टर खरोखरच घाबरले होते. "बंद झालेली नोंद फक्त रुग्ण उघडायला लावू शकतो, नाहीतर त्याचा वारस. लेखी अर्ज हवा. एक जरी प्रकरण खोटं ठरलं तर बाकीची आपोआप उघडतील, कायदाच आहे. पण ताई, तुमचं नाव सगळ्यांत पुढे येईल. यंत्रवाले म्हणतील, यंत्र चांगलं, बाईनं बिघडवलं."

"ते खोटं आहे का?"

डॉक्टर पुन्हा काच पुसू लागले.

*

त्याच संध्याकाळी ती अर्ज घेऊन चाचांकडे गेली. बशीर माल द्यायला कोल्हापूरला गेलेला. तिनं सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे मी खरा होतो," ते म्हणाले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "एवढं कळलं, बस झालं."

"सही करा, चाचा. बाकीच्यांसाठी."

"नाही, बेटी." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "सही केली की हा कागद बशीरच्या हाताला लागणार. भोपळे कुणी उचलायला लावले? 'नाटक' कोण म्हणालं? आज त्याला वाटतंय, तेव्हा काही नव्हतं, पुढं झालं. त्या एका वाक्यावर तो भाकरी खातोय. ते काढून घेऊ? बापाला खोटा समजून पोरगा जगू शकतो. बापाला आपण मारलं हे समजून कसा जगेल?"

"पण चाचा..."

"शप्पथ घे. बुवांच्या गादीची. बशीरला सांगणार नाहीस."

वैजू त्या गादीच्या मागे वाढलेली. तिनं शपथ घेतली. उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या हाताला ताप होता.

पडून पडून पाठीखाली झालेली जखम भरत नव्हती. विष रक्तात गेलं. दीड महिन्यानं दस्तगीरचाचा गेले. मातीला गर्दी झाली. सुराशी नातं असलेली सगळी मिरज आली होती. परतताना कुणीतरी म्हणालं, "माणूस सोन्यासारखा. शेवटी जरा मनानं खचला एवढंच." वैजू ऐकत चालत राहिली.

रुग्णांना नाम घ्या म्हणायचं तिनं सोडलं होतं. "ओरडा," एवढंच सांगे. ती गप्प बसली असती तर नवी माणसं वाचली असती आणि जुनी अंधारात राहिली असती. तिनं तशी मनाची तयारीही केली होती. पण एका बुधवारी एसटीतली एक कंडक्टर खिडकीशी आली, पाय ओढत. दोन वर्षांपूर्वी वैजूच्याच पाळीत निर्दोष ठरलेली.

"ताई, मनाच्या व्यायामाचा वर्ग इथंच का? परवापासून मांड्या बधिर झाल्यात. लघवीचंही कळंना. घरात बोलले नाही. मनाचंच असतंय ना? उगं हसतील."

वैजूनं तिला खुर्चीतही बसू दिलं नाही. ढकलखाटावर घालून धावत शस्त्रक्रियेच्या दालनापर्यंत नेलं, वाटेत ओरडून सगळा मजला गोळा केला. कंडक्टरचे पाय वाचले. थोडक्यात वाचले. वैजूनं अर्ज पुढे केला, तर नोकरी जाईल म्हणून तिनं सही केली नाही.

वैजू भिंतीला टेकून उभी राहिली. आणखी तीनशे दहा घरांत कुणीतरी आपलं दुखणं लाजेनं गिळत असेल.

*

चाळिसाव्याला ती बशीरकडे गेली. पाहुणे पांगले होते. बशीरनं तिला बघून आतून तंबोरा आणला. "आक्का, हा तुमचा. जवारी मीच काढली. अब्बांसारखी नाही उतरली. त्यांचा हात वेगळा."

वैजूनं तंबोरा घेतला नाही. "बशीर, बस. मी शपथ मोडायला आलेय."

तिनं सांगितलं. टोपी, बर्फ, एकोणीस आणि सदुसष्ट, तीनशे बारा, कंडक्टर. पडद्याआड सुनेची भांडी वाजायची थांबली.

"त्यांनी मला सांगू नका म्हटलं होतं?" शेवटी बशीरनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं."

बराच वेळ तो तंबोऱ्याच्या घोडीवरून अंगठा फिरवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "सुई घातली तेव्हा ते काय म्हणाले होते? तुम्ही होतात ना तिथं?"

"'हीच, बेटी. हीच ती.' असं म्हणाले."

"मोठ्यानं?"

"हळू. पण मी ऐकलं. लिहिलं नाही."

"मला घरी आल्यावर सांगितलं होतं त्यांनी. 'बशीर, मी सांगितलं त्यांना, हीच म्हणून.' मी म्हटलं, अब्बा, टोपीपुढं तुमचं काय चालणार." त्यानं अर्ज ओढून घेतला आणि सही केली. पेन कागदात रुतेल अशी. तंबोरा तिच्या पुढ्यात ठेवला. "न्या. आणि आक्का, पुन्हा या घराची पायरी चढू नका. तुम्ही खरं केलंत, मला कळतंय. पण तुमचं तोंड बघितलं की मला तो भोपळा दिसणार."

प्रकरणं उघडली. तीनशे बारांतली एकशे चौऱ्याण्णव माणसं पुन्हा तपासल्यावर दोषी गादीची निघाली. सत्तावीस तोवर या जगात नव्हती. वैजूची नोकरी गेली, चौकशी झाली, शाल परत मागितली. यंत्रवाल्यांनी यंत्र बदललं नाही. एक नियम छापून भिंतीला लावला: तपासणीच्या आधी चोवीस तास आणि तपासणीत प्रार्थना, जप, गुणगुणणे सक्त मना. 'रुग्णाचे म्हणणे' हा रकाना मात्र परत आला. बारीकसा, अगदी खाली.

वैजू अजून कधीमधी केंद्राच्या फाटकाशी उभी असते. कुणी म्हातारी जपमाळ घेऊन आत निघाली की अडवते. "आई, माळ माझ्याकडे द्या. आत देवाचं नाव घेऊ नका. ओरडा, शिव्या द्या. बाहेर आलात की माळ देते." म्हाताऱ्या तिला वेडी समजतात. ती माळ हातात धरून उभी राहते, पण स्वतः ओढत नाही. कीर्तनाला येते, मागे तंबोरा धरते. ओठ मिटलेले असतात. त्या ओठांत पुन्हा नाम यावं म्हणून मी माझ्या परीनं देवाकडे पदर पसरतो, पण देवानं अजून मान डोलावलेली नाही.

आता माझं मागणं.

मंडळी, कीर्तनाच्या आरंभी तंबोरा लावतात. तुमच्यातले काही तेव्हा चपला ठेवत असतात, काही शेजाऱ्याशी बोलत असतात. पुढच्या वेळी एवढं करा: चौथी तार छेडली की बोलणं थांबवा. ती खाली खोल जाते, टेबलाचा पत्रा थरथरावा तशी. तेवढ्या वेळात मिरजेच्या दस्तगीरचाचांची आठवण काढा. आणि मनातल्या मनात एवढंच म्हणा, चाचा, आम्ही ऐकलं. तुम्ही म्हणालात, हीच ती.